सात वर्षांच्या कागदावर तुमची सही

तुम्ही जाऊन आज एकोणीस दिवस झाले. जलदान विधी झाला. पुण्यानुमोदनाला गोंडपिपरीचा अर्धा बाजार आला होता. ज्याची गाडी तुमच्या हाताखालून गेली नाही असा माणूस त्या मांडवात शोधून सापडला नसता. एकेक जण उठून बोलला. मिस्त्री सोन्यासारखा माणूस होता म्हणाले, शांत होता म्हणाले, कोणाचं मन दुखवलं नाही म्हणाले. मी समोर बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, यांना काय माहीत. सव्वीस वर्षं संसार मी केला. तुमच्याइतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि माझ्याइतकी हट्टी बाई तुम्ही पाहिली नाही, असं तुम्हीच चारचौघांत सांगायचात.

मी काही बोलले नाही. मास्तरीण असून दोन शब्द बोलली नाही, याचं लोकांना नवल वाटलं. मला जे बोलायचं होतं ते माईकवर बोलण्यासारखं नव्हतं. ते गाडीबद्दल होतं. माणूस गेल्यावर बायको गाडीबद्दल बोलायला लागली असती, तर लोक म्हणाले असते की हिचं डोकं फिरलं.

पण आपल्या दोघांत शेवटचं मोठं भांडण तेच होतं ना. जुनी घ्यायची की नवी. दिवाळीनंतर सुरू झालं आणि मिटलंच नाही.

डायलिसिस लागून तेव्हा सहा महिने झाले होते. मंगळवार आणि शनिवार. मंगळवारी माझी शाळा, म्हणून तुम्ही एकटे जायचात. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी मागून बस पकडून चंद्रपूरला यायचे आणि तुम्हाला घेऊन परत यायचे. तुमच्या डाव्या हातात डायलिसिसच्या सुईसाठी शिरा जोडून ती फिस्टुला केलेली, त्या हाताला धक्का लागू द्यायचा नाही, दाब पडू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यामुळे तुम्हाला डावीकडची खिडकीचीच जागा लागायची. गजाच्या आणि हाताच्या मध्ये दुपट्ट्याची घडी ठेवायचात, आणि वरून उजव्या हाताने तो हात धरून बसायचात. कोठारीच्या जंगलातला तो रस्ता खनिजाच्या ट्रकांनी उखडून ठेवलेला. दर खड्ड्याला तुमचा उजवा हात घट्ट व्हायचा. मी शेजारी बसून ते पाहायचे आणि तुमचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून शाळेतलं काहीबाही सांगायचे. तुम्ही हो हो म्हणायचात. ऐकत नव्हतात हे मला कळायचं.

त्या फिस्टुलाची तुम्ही मात्र मजा करायचात. गॅरेजात इंजिनाला पेचकसाचं टोक लावायचं आणि मूठ कानाला लावून ऐकायचं, ही तुमची जुनी सवय. तसंच सकाळी उठून आपलंच मनगट कानाला लावायचात आणि आत जी घरघर चालते ती ऐकून मला सांगायचात, "चालू हाय मास्तरीण, टॅपेटचा थोडा आवाज हाय बस." मला हसू यायचं आणि रागही यायचा. मी एकदाही कान लावून ऐकलं नाही. भीती वाटायची मला. तुम्ही दोनतीनदा हात पुढे केलात आणि मी चहाचं निमित्त करून उठले. आता वाटतं, ऐकून घ्यायला हवं होतं.

गाडी घ्यायची हे ठरलं, त्यात भांडण नव्हतं. स्वतःची गाडी असती तर मागची सीट होती, पाय पसरता आले असते, डायलिसिसनंतर गरगरायला लागलं तर थांबता आलं असतं. भांडण लागलं ते भद्रावतीचे उरकुडेभाऊ आल्यावर. फॅक्टरीतून निवृत्त होऊन कॉलनीतलं क्वार्टर सोडून मुलाकडे चालले होते आणि त्यांना गाडी विकायची होती. दहा वर्षांची गाडी, पण शेडबाहेर कधी उभी राहिली नाही. तुम्ही रविवारी मला सोबत घेऊन पाहायला गेलात. बाकी लोक गाडीचा रंग पाहतात, तुम्ही पायाखालचं मॅटिंग उचलून पत्र्याला गंज लागला का ते पाहिलंत. ऑइलचं झाकण काढून वास घेतलात. मग पेचकस लावून ऐकलंत, चांगली पाच मिनिटं, डोळे मिटून. परतीच्या बसमध्ये तुमचा चेहरा मुलगी पाहायला जाऊन ती पसंत पडलेल्या माणसासारखा झाला होता. म्हणालात, पुढच्या आठवड्यात आणू. आहे तेवढ्या पैशात येते, कोणाचं देणं नाही.

मी म्हटलं, नाही. नवी घेऊ. कर्ज काढून घेऊ.

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत जसं मी तुमच्या हातातलं काम हिसकावलं. मिस्त्रीच्या घरी नवी गाडी, म्हणजे हलवायाने दुकानातून पेढे आणल्यासारखं झालं, असं काहीतरी बोललात. मी माझी कारणं सांगितली. जुनी गाडी कधी दगा देईल सांगता येत नाही. कोठारीच्या जंगलात मोबाइलला रेंज नाही, तिथे बंद पडली तर काय करायचं. त्यावर तुम्ही अगदी सहज म्हणालात, "बंद पडली तं मी हाओ ना. काऊन घाबरतं?"

मी हाओ ना. मला जे म्हणायचं होतं ते तोंडातून निघालं नाही. मग मी एअरबॅग, वॉरंटी, शोरूमची सर्व्हिस असलं जाहिरातीतलं बोलत राहिले. तुम्ही म्हणालात, ज्या बाईला स्कूटीचा किक कुठी हाय हे माहीत नाई, ते मले वॉरंटी शिकवून राह्यली. मग आपण चार दिवस बोललो नाही.

खरं कारण मी आज सांगते. कर्ज सात वर्षांचं होतं. मला ती सात वर्षं हवी होती. गाडी मला कुठलीही चालली असती. जुनी गाडी घेऊ म्हणताना तुम्ही एकदा बोलून गेलात की आता आपल्याला किती दिवसांसाठी लागते. तुम्ही हिशेबाचं बोललात, मला ते सुरीसारखं लागलं. म्हणजे तुम्ही मनात काही ठरवून बसला होतात. मी पण ठरवलं. तुम्हाला सात वर्षांच्या कागदावर सही करायला लावायची.

आणि याच्यापुढे मी जे केलं ते तुमच्यापासून लपवलं. बँकेत मी पहिल्यांदा एकटी गेले होते. तिथल्या मॅडमनी माझी पगाराची स्लिप पाहिली आणि म्हणाल्या, तुमच्या एकटीच्या नावावर होऊन जाते, सहकर्जदाराची गरज नाही. मी म्हटलं, नाही, माझ्या मिस्टरांचं नाव हवं. त्या म्हणाल्या, त्याने उगीच कागद वाढतात. मी म्हटलं, वाढू द्या. माझ्या डोक्यात काय होतं सांगू? मी शिकलेली बाई, पोरांना विज्ञान शिकवते, नवससायास करत नाही, बाबा-बुवा मानत नाही. पण मला वाटलं, बँक काही खुळी नसते. ज्या माणसाचा भरवसा नाही त्याची सात वर्षांसाठी सही ती घेत नाही. तिने तुमची सही घेतली म्हणजे तुम्ही राहणार, यावर शिक्का बसला. असलं माझं विज्ञान. घरी येऊन तुम्हाला सांगितलं की तुमची सही लागतेच, त्याशिवाय ते देत नाहीत.

तुम्ही आलात, कुरकुरत आलात, इस्त्रीचा शर्ट घालून आलात. फॉर्मसोबत विम्याचा कागद होता. त्यात आजारांची यादी, पुढे होय किंवा नाही लिहायचं. मूत्रपिंडाच्या रकान्यावर तुमचं पेन थांबलं. मी खालून तुमच्या पायाला पाय लावला आणि हळूच म्हटलं, नाही लिहा. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि होय लिहिलंत. वर उरलेल्या जागेत बिलावर लिहिता तशा सुवाच्य अक्षरात लिहिलंत, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मी झेरॉक्स काढायला म्हणून बाहेर निघून गेले, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते रागाचं होतं.

बसमध्ये मी तुम्हाला वाट्टेल ते बोलले. तुम्ही बराच वेळ ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "दर रविवारी विहारात पंचशील म्हनतो आपन. मुसावादा, खोटं बोलनार नाई, हे म्हनतानी मी तोंड मिटून बसू का आता?" तुमच्या खरेपणाचा मला त्या दिवशी जेवढा संताप आला तेवढाच आज अभिमान आहे, पण संताप पूर्ण गेलेला नाही.

फाइल अडकली. वरून प्रश्न आले, डॉक्टरांचं पत्र मागितलं. मी पत्र आणलं, फाइल परत पाठवली. परत प्रश्न आले. मी कधीही म्हणू शकत होते की मिस्टरांचं नाव काढा, माझ्या एकटीच्या नावावर करा. आठ दिवसांत काम झालं असतं. मी म्हटलं नाही. दर मंगळवारी तुम्ही दुपट्टा खांद्यावर टाकून स्टँडकडे जायचात आणि मी शाळेत फळ्यावर तारीख लिहिताना स्वतःला सांगायचे, अजून थोडे दिवस. थंडी अशीच गेली. मध्येच एक दिवस तुम्ही सांगितलंत की उरकुडेभाऊंच्या गाडीला गिऱ्हाईक लागलं, गेली ती. मी वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं. आता जुनी गाडी हा विषयच संपला, असं वाटलं. तुम्ही त्या दिवशी गॅरेजात जाऊन कोणाच्या तरी ट्रॅक्टरचा क्लच खोलून बसलात.

होळीच्या सुमाराला तुम्ही बसच्या पायऱ्या उतरताना पडता पडता वाचलात. कंडक्टरने धरलं म्हणून. तेव्हा मी बँकेत गेले आणि तुमचं नाव काढायला सांगितलं. मॅडमनी काही विचारलं नाही. तुमच्या सहीचा कागद फाइलमधून काढून मला परत दिला. मी तो तुम्हाला दाखवला नाही. तुम्हाला म्हटलं, झालं एकदाचं मंजूर. तुम्ही म्हणालात, चांगलं झालं.

गाडी आली. आपल्या कॉलनीतल्या पोरींनी फुगे लावले, आपली लेक प्रज्ञा नागपूरहून आली, तुम्ही बॉनेट उघडून पाहिलंत आणि म्हणालात, याच्यात मिस्त्रीसाठी काही ठेवलंच नाई, सगळं झाकून ठेवलं. पण तुम्हाला आवडली होती. मला चालवायला शिकवायचं तुम्हीच काढलंत. रोज सकाळी आठवडी बाजाराच्या मोकळ्या मैदानात नेऊन शिकवलंत. माझ्यासारखा ढ विद्यार्थी तुम्हाला मिळाला नसेल. क्लच हळू सोड, हळू, तो पोरगा नाई तुह्या वर्गातला कान धरून आनाले, असं म्हणायचात. वीस दिवसांत मी चंद्रपूरपर्यंत चालवू लागले. इतकी घाई कशाला, असं मी एकदा विचारलं. तुम्ही आरसा नीट लाव म्हणालात.

त्या पहिल्या शनिवारी मी तुम्हाला दवाखान्यातून घेऊन निघाले. बल्लारपूर सोडलं तेव्हा तुम्ही सीट मागे केलीत, डावा हात पोटावर ठेवलात आणि झोपलात. एवढ्या महिन्यांत तुम्हाला प्रवासात झोपलेलं मी पाहिलं नव्हतं, कारण बसमध्ये हात सांभाळायचा असायचा. तोंड उघडं, घोरत होतात थोडे. कोठारीच्या जंगलात मोहफुलं वेचणाऱ्या बाया रस्त्याच्या कडेने टोपल्या घेऊन चालल्या होत्या. मी चाळीसच्या वर गेले नाही. प्रत्येक खड्ड्याला तुमच्याकडे पाहायचे, तुमचा उजवा हात मोकळा पडलेला. तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. ही झोप तुम्हाला दिवाळीनंतरच मिळाली असती. उरकुडेभाऊंच्या गाडीची मागची सीट काय कमी मऊ होती? मी रडत रडत गाडी चालवली. ट्रक मागून हॉर्न देत होते. तुम्ही गोंडपिपरीत उठलात आणि विचारलंत, आलो का? मी म्हटलं, आलो. डोळे लाल का आहेत म्हणालात. मी म्हटलं, ऊन लागलं.

त्यानंतर तुम्ही आणखी पाच वेळा त्या गाडीत बसलात. मी मोजते. मोजू नये म्हणतात, पण मी मोजते.

तुम्हाला सांगायचं होतं, रोज सांगायचं होतं. की सहीची गरज नव्हती, मी खोटं बोलले, माझ्या हट्टापायी तुम्ही थंडीभर बसच्या खिडकीशी बसलात. आज सांगू, उद्या सांगू. या मंगळवारी तब्येत बरी नाही, शनिवारी सांगू. मग तो सोमवार आला, तुम्ही गेलात आणि सांगायचं राहूनच गेलं. हे सगळं मी मनात धरून बसले होते आणि वाटत होतं की निदान तुम्हाला हे माहीत नव्हतं. माझ्यावर भरवसा ठेवून गेलात. एवढं एक समाधान होतं, वाईट का होईना.

तेही राहिलं नाही. काल उरकुडेभाऊ आले. काही कामाने मुलाकडून भद्रावतीला आल्यावर त्यांना कळलं, म्हणून भेटायला आले. म्हणाले, बाई, तुमाले एक सांगाचं होतं. ती गाडी मी दुसऱ्या कोनाले इकली नसती. मिस्त्रीसाठी सहा महिने उभी ठेवली असती. गिऱ्हाईक आलं तेव्हा मी पहिला फोन त्यांनाच केला होता.

मी विचारलं, मग?

उरकुडेभाऊ म्हणाले, "तेच म्हनाले, देऊन टाका भाऊ. बँकवाली बाई त्यायले बोलली होती, त्यायची सही लागतच नाई म्हनून. तं मी म्हटलं, मंग सांगून द्या ना घरी, काऊन बसनं हाल करून राह्यले. तं हासले. म्हनाले, माह्या मास्तरणीनं मले सात वर्षं जगवाचं ठरवलं हाय. आता मी जुनी गाडी आनली, तं तिले वाटन, मीच जगाले नाई म्हटलं."

मी त्यांना चहा दिला. भद्रावतीची बस किती वाजता आहे ते विचारलं. ते गेल्यावर दार लावलं आणि तुमच्या फोटोसमोर उभी राहिले. तुमच्यावर मी एवढी कधीच चिडले नव्हते. म्हणजे मी झेरॉक्स काढायला गेले तेवढ्यात तुम्हाला सगळं कळलं होतं. आणि तुम्ही काही बोलला नाहीत. स्कूटीच्या चाकात हवा कमी असली तरी तुम्ही दोन दिवस माझं डोकं खायचात. शर्टाच्या खिशात पेन राहून धुतलं गेलं तर घर डोक्यावर घ्यायचात. इथे गप्प का बसलात? एकदा, फक्त एकदा बसमधून उतरून माझ्यावर ओरडायचं होतं, की मास्तरीण, हात दुखून राह्यला, मले उरकुडेची गाडी आन. मी शाळा सोडून त्याच पावली भद्रावतीला गेले असते हो. ती सात वर्षं, ती सही, ते माझं शहाणपण, सगळं टाकून दिलं असतं. मी वेडी झाले होते, पण तुम्ही तर शहाणे होतात. मला तुम्हाला जगवायचं होतं, आणि माझं मन मोडू नये म्हणून तुम्ही ते मला करू दिलंत, चार महिने, त्या खिडकीशी एका हाताने दुसरा हात धरून.